पॅकेज घेऊ, की कोल्हापूरच्या बाईंकडे जाऊ?

प्रश्न : माझं वय ३४. सांगलीत सासरी राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. दोन वर्षांपूर्वी माझे वडील अचानक गेले. तेव्हाच्या धावपळीत रडायलाही वेळ मिळाला नाही. गेल्या दिवाळीनंतर मात्र झोप उडाली. रात्री मध्येच छातीत धडधडतं, हातपाय गार पडतात, आता आपलं काही खरं नाही असं वाटतं. ईसीजी, टूडी इको, थायरॉइड, सगळं झालं. रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, काउन्सेलिंग घ्या.

कंपनीकडून एका ऑनलाइन थेरपीच्या अ‍ॅपवर सहा सेशन मोफत मिळतात. त्यातली चार झाली. पहिल्या दोन वेळी ज्या मॅडम होत्या त्यांच्याशी छान जमलं होतं. तिसऱ्या वेळी स्क्रीनवर दुसराच चेहरा. आधीच्या मॅडम ‘आता उपलब्ध नाहीत’, एवढाच मेसेज. पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. नव्या मॅडम चांगल्या आहेत, पण हिंदी-इंग्रजीत बोलावं लागतं आणि बाबांबद्दल मी बातमी वाचून दाखवावी तशी बोलते. आता अ‍ॅप म्हणतंय, बारा सेशनचं पॅकेज घ्या, शुक्रवारपर्यंत चाळीस टक्के सूट. यजमान म्हणतात, स्वस्त पडतंय तर घेऊन टाक. मैत्रिणीने कोल्हापूरच्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंचं नाव सुचवलंय. त्या स्वतःची प्रॅक्टिस करतात, व्हिडिओवरही भेटतात, एका वेळची फी १५०० रुपये. सांगलीत कुणाकडे जायची हिंमत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. कंपनीला कळेल का, ही भीती आहेच. काय करू?

— एक वाचक, सांगली

उत्तर : पॅकेज घेऊ नका. राहिलेली दोन मोफत सेशन जरूर वापरा, त्याच काळात कोल्हापूरच्या बाईंची एक भेट घ्या आणि मगच ठरवा. तुमच्या पत्रावरून माझा कल त्यांच्याकडे आहे. तो का, हे सविस्तर सांगते, कारण उद्या त्या बाईंशी जमलं नाही तर पुढची निवडही तुम्हालाच करायची आहे.

त्याआधी एक. तुम्ही आधी हृदय आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घेतल्या, हे अगदी योग्य केलंत. धडधड, घाम, हातपाय गार पडणं हे मनाचं आहे असं परस्पर ठरवून मोकळं होणारे पुष्कळ असतात. त्रासाचं नाव काय, हे मी पत्रावरून सांगणार नाही. ते समोर बसून, नीट विचारपूस करूनच ठरवायचं असतं.

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एक, ऑनलाइन की प्रत्यक्ष. दुसरा, कंपनीचा प्लॅटफॉर्म की स्वतंत्र थेरपिस्ट. बहुतेकांना हे एकच वाटतात, म्हणजे ऑनलाइन म्हटलं की अ‍ॅप आणि स्वतंत्र म्हटलं की दवाखान्याचा जिना चढणं. पण कोल्हापूरच्या बाई व्हिडिओवरही भेटतात, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे घरबसल्या भेटण्याची सोय ही अ‍ॅपची मालमत्ता नाही. चिंता आणि नैराश्याच्या त्रासात व्हिडिओवरून केलेले उपचार प्रत्यक्ष भेटीच्या तोडीचे ठरतात, असं बऱ्याच अभ्यासांतून दिसलं आहे. त्यामुळे स्क्रीनवर आपलं काम नीट होईल का, ही शंका मनातून काढून टाका. उरतो तो दुसरा प्रश्न, आणि खरा तोच आहे.

प्लॅटफॉर्म म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या. वधूवर सूचक मंडळ स्थळं दाखवतं, भेट जमवून देतं, त्याचे पैसे घेतं. संसार मात्र त्या दोघांनी करायचा असतो. थेरपीचं अ‍ॅपही मुळात जुळवणीचं काम करतं. थेरपिस्टची यादी, वेळ ठरवण्याची सोय, पैसे भरण्याची सोय, व्हिडिओची खोली, नोंदी ठेवायची जागा हे सगळं त्याचं. काही ठिकाणी थेरपिस्ट पगारी असतात, काही ठिकाणी त्यांना सेशनमागे ठरावीक रक्कम मिळते आणि तुम्ही भरलेल्या फीतला एक हिस्सा कंपनीकडे राहतो. सेशनमागे मिळणारी रक्कम परवडली नाही, प्रत्येक तासाला नवा माणूस, मध्ये नोंदी लिहायलाही वेळ नाही असं झालं, तर तिथली माणसं टिकत नाहीत. तुमच्या पहिल्या मॅडम का गेल्या मला माहीत नाही. पण कोणत्याही थेरपिस्टला काम थांबवायचं असेल तर आधी सांगणं, एक निरोपाचं सेशन घेणं आणि पुढची सोय करून देणं ही या व्यवसायाची साधी नीती आहे. ते घडलं नाही. त्यात दोष त्यांचा की कंपनीच्या पद्धतीचा, हे इथून ठरवता येणार नाही. एवढं नक्की की तुमच्याकडून काहीही चुकलेलं नव्हतं.

यावर मला थोडं थांबायचं आहे. वडील अचानक गेले, निरोप घ्यायला मिळाला नाही. दोन वर्षांनी ज्या व्यक्तीपुढे पहिल्यांदा ते बोललात, ती व्यक्तीही एक दिवस अचानक स्क्रीनवरून नाहीशी झाली. तुम्ही पत्रात हे दोन वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहिलंत, मध्ये तपासण्यांचा आणि मोफत सेशनचा विषय आला. मनाने ते वेगळं ठेवलं असेल असं मला वाटत नाही. नव्या मॅडमसमोर बातमी वाचून दाखवावी तसं बोलणं होतं, त्यामागे भाषा आहेच, पण ‘याही जातील’ ही सावधगिरीही असू शकते. पाचव्या सेशनला हेच बोला. ‘आधीच्या मॅडम न सांगता गेल्या, त्याचा मला त्रास झाला, आणि तुमच्यापुढे मोकळं व्हायला मी बिचकते.’ त्या कसं ऐकतात यावरून तुम्हाला बरंच कळेल. ऐकून घेतलं, सावकाश विचारलं, स्वतः किती दिवस या अ‍ॅपवर असतील हे स्पष्ट सांगितलं, तर त्या चांगल्या थेरपिस्ट आहेत. लगेच कंपनीची बाजू मांडायला लागल्या किंवा विषय बदलून श्वासाच्या व्यायामाकडे वळल्या, तर तेही लक्षात ठेवा.

मी माणसावर एवढा भर देते, त्याला आधार आहे. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन भाग मांडले. दोघांतला विश्वास, कशासाठी भेटतोय याबद्दलचं एकमत, आणि ते साधायला काय करायचं याबद्दलचं एकमत. २०१८ मध्ये अशा नात्यावरच्या २९५ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. नातं जितकं चांगलं तितका गुण जास्त, हा संबंध त्यात पुन्हा दिसला. तो फार मोठा नव्हता, पण वेगवेगळ्या उपचारपद्धतींत सातत्याने दिसला, आणि प्रत्यक्ष भेटीत जेवढा होता जवळपास तेवढाच इंटरनेटवरून केलेल्या उपचारातही होता. म्हणून अ‍ॅप चांगलं की वाईट असं विचारण्यापेक्षा, हीच व्यक्ती मला पुढचे सहा महिने मिळेल का, असं विचारा. स्वतंत्र थेरपिस्टच्या बाबतीत या प्रश्नाचं उत्तर ती व्यक्ती स्वतः देऊ शकते. प्लॅटफॉर्मवर ते पुष्कळदा तिच्या हातात नसतं.

प्लॅटफॉर्मचे फायदे मी नाकारत नाही. तुमच्यासारख्या कितीतरी जणी त्यामुळेच पहिल्यांदा कुणाशी तरी बोलल्या. रात्री नऊची वेळ मिळते, सांगलीतलं कुणी जिन्यात भेटत नाही, नाही पटलं तर समोरासमोर न सांगता थेरपिस्ट बदलता येतो, आणि कंपनी पैसे भरत असेल तर पहिल्या पावलाला खर्च येत नाही. काही प्लॅटफॉर्मवर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर आणि थेरपिस्ट एकाच ठिकाणी असतात, त्यांचा आपसात संवाद असतो. ज्यांना औषध आणि थेरपी दोन्ही लागतं त्यांना ही मोठी सोय आहे. एखादीच गोष्ट सोडवायची असेल, नोकरी बदलू की नको अशी, तर सहा सेशन पुरतातही. वडिलांच्या जाण्याचं दुःख दोन वर्षं साठलेलं असताना ती पुरतील, असं मला वाटत नाही.

आता कंपनीला कळेल का, याबद्दल. अशा योजनांत कंपनीकडे सहसा एकत्रित आकडे जातात, किती जणांनी सेवा वापरली, साधारण कोणत्या विषयांवर. नावानिशी माहिती जाऊ नये, अशी तरतूद बहुतेक करारांत असते. तरी गृहीत धरू नका. अ‍ॅपच्या मदत विभागाला लेखी विचारा की, माझ्या कंपनीला माझ्याबद्दल नेमकं काय कळतं, आणि उत्तर जपून ठेवा. ऑफिसच्या ईमेलवर खातं उघडलं असेल तर खासगी ईमेल द्या. सेशन ऑफिसच्या लॅपटॉपवरून घेऊ नका, स्वतःच्या फोनवर घ्या. ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये त्या वेळेला ‘थेरपी’ असं लिहू नका. या गोष्टी बारीक वाटतात, पण गुपित बहुतेक वेळा अशाच ठिकाणाहून फुटतं.

गुप्ततेच्या बाबतीत दुसरा धोका जाहिरातींचा. अमेरिकेत बेटरहेल्प हा ऑनलाइन थेरपीचा फार मोठा प्लॅटफॉर्म आहे. माहिती गुप्त राहील असं आश्वासन देऊनही त्यांनी लोकांचे ईमेल आणि त्यांनी भरलेल्या प्रश्नावलीतली माहिती फेसबुक, स्नॅपचॅट, पिंटरेस्ट अशा कंपन्यांना जाहिरातींसाठी दिली, असा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी यंत्रणेने ठेवला. २०२३ मध्ये त्या प्रकरणात कंपनीला ७८ लाख डॉलर भरावे लागले. सेशनमध्ये बोललेलं कुणी विकलं, असं ते प्रकरण नव्हतं. पण हा माणूस थेरपी शोधतोय, एवढी माहितीसुद्धा खासगीच असते. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे आणि २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. कायदा पाठीशी आहे हे चांगलंच, तरी तुम्ही अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन जाहिरातींसाठी माहिती वापरण्याची संमती काढून घ्या, फोनमधले संपर्क आणि लोकेशन बघण्याची परवानगी बंद करा. आणि अ‍ॅप सोडाल तेव्हा खातं व नोंदी काढून टाकण्याची लेखी मागणी करा. स्वतंत्र थेरपिस्टकडे एवढी यंत्रणा नसते, पण त्यांच्याही वहीत किंवा लॅपटॉपमध्ये तुमच्या नोंदी असतात. त्या कुठे ठेवता, कोण बघतं, हे त्यांनाही विचारायचंच.

स्वतंत्र म्हणजे आपोआप चांगलं, असंही समजू नका. इथे उलटा धोका आहे. प्लॅटफॉर्म निदान कागदपत्रं तपासतो असं म्हणतो, स्वतंत्र माणसाची तपासणी तुम्हालाच करावी लागते. आपल्याकडे ‘काउन्सेलर’ अशी पाटी लावायला आजवर फारशी आडकाठी नव्हती. आठवडाभराचा कोर्स करून लाइफ कोच, हीलर, माइंड ट्रेनर झालेले लोक शहरोशहरी आहेत, आणि त्यातले काही मनापासून बोलतात म्हणून तर जास्त भुरळ पडते. म्हणून पात्रता विचारायला लाजू नका.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून पुढे मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर. इथे सांगते त्या सगळ्यांत औषध हेच लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक त्रासावर बोलून उपचार करायला शिकलेल्या मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वसन परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. त्यांच्याकडे सीआरआर क्रमांक, म्हणजे परिषदेच्या नोंदवहीतला क्रमांक असतो आणि परिषदेच्या संकेतस्थळावर तो पडताळून पाहता येतो. याशिवाय समुपदेशन मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी करून, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम शिकलेले पुष्कळ चांगले समुपदेशक आहेत. त्यांच्याकडे आरसीआयचा क्रमांक नसेल, म्हणून ते बोगस ठरत नाहीत. २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसायांच्या कायद्याने मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांनाही आपल्या कक्षेत घेतलं आहे, पण राज्याराज्यांतली नोंदणीची घडी अजून बसते आहे. तोवर पदवी कुठली, विद्यापीठ कुठलं, प्रत्यक्ष प्रशिक्षण कुणाकडे घेतलं आणि आजही कुणा वरिष्ठाशी आपल्या कामाची चर्चा करता का, हे चार प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकट्याने प्रॅक्टिस करणाऱ्या माणसाला चुका दाखवणारं दुसरं कुणी नसतं. जो थेरपिस्ट स्वतः कुणाकडे तरी शिकायला जातो, त्याच्याकडे मी माझ्या घरातलं माणूस पाठवीन.

कोल्हापूरच्या बाईंना फोन करायला जड वाटत असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर एवढंच लिहा. ‘नमस्कार, माझ्या मैत्रिणीकडून तुमचं नाव कळलं. दोन वर्षांपूर्वी वडील गेले, आता झोपेचा आणि रात्री घाबरं होण्याचा त्रास आहे, शारीरिक तपासण्या झाल्या आहेत. तुम्ही अशा त्रासावर काम करता का? तुमचं शिक्षण आणि नोंदणी याबद्दल सांगाल का? फी, वेळ रद्द करण्याचे नियम आणि व्हिडिओवर भेटण्याची सोय कशी आहे? पहिली भेट ओळखीपुरती घेता येईल का?’ यापेक्षा जास्त काही मेसेजमध्ये लिहू नका, बाकीचं भेटीत. चांगल्या थेरपिस्टला हे प्रश्न उद्धट वाटत नाहीत. ज्यांना वाटतात, त्यांच्याकडे जायचं नाही.

पहिल्या भेटीत आणखी दोन गोष्टी विचारा. एक, गुप्तता कुठे संपते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा न्यायालयाने मागितलं तर माहिती द्यावी लागते, असं प्रामाणिक थेरपिस्ट आधीच सांगतो. ‘काहीही झालं तरी कुणालाच सांगणार नाही’ असं सरसकट वचन मिळालं तर सावध व्हा. दोन, तुमच्या दोन्ही घरच्यांपैकी कुणाशी त्यांची ओळख किंवा नातं आहे का. सांगली-कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर, नात्यागोत्यांच्या मानाने त्याहूनही जवळ. ओळख निघाली तर त्या स्वतःच दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतील, आणि तसंच व्हायला हवं.

भाषेबद्दल तुम्ही जरा संकोचून लिहिलंय, जणू मराठीत बोलणारी थेरपिस्ट मागणं म्हणजे जास्तीची अपेक्षा आहे. तसं नाही. बाबा तुमच्याशी ज्या भाषेत बोलायचे, रागवायचे, हाक मारायचे, त्याच भाषेत त्यांच्याबद्दल बोलायला मिळणं हा तुमच्या उपचाराचा भाग आहे. मराठीत हे काम जुनं आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती कि. मो. फडके यांनी महाराष्ट्रात रुजवली, ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून काम करते आहे. प्रशिक्षित, मराठीत बोलणारी माणसं पुण्या-मुंबईबाहेरही सापडतात, त्यातली पुष्कळ व्हिडिओवर भेटतात. सध्याच्या अ‍ॅपवरही मराठी बोलणारं कुणी आहे का, हे राहिलेल्या सेशनच्या आधी विचारून बघा. मात्र भाषेसाठी पात्रतेत तडजोड नको.

आता पैसे. बारा सेशनची सूट आकर्षक वाटते, पण तुम्ही आधी विचारा की थेरपिस्ट पुन्हा बदलली तर राहिलेल्या सेशनचे पैसे परत मिळतात का, पॅकेजची मुदत किती, आणि एक सेशन चुकलं तर ते बुडतं का. उत्तरं तुमच्या बाजूची असली तरी दोन दिवसांच्या घाईत बारा भेटींचा निर्णय घेऊ नये. दुःखावर काम करताना आपण किती भेटींनंतर सावरू हे आधी कुणालाच माहीत नसतं. १५०० रुपये आठवड्याला म्हणजे महिन्याला सहा हजार, हे लहान ओझं नाही, ते मला कळतं. पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी एकदा, असं ठरवता येतं. ऐपतीप्रमाणे कमी फीच्या काही जागा पुष्कळ स्वतंत्र थेरपिस्ट राखून ठेवतात. मागण्यात कमीपणा नाही, पण न विचारता सहसा कुणी सांगत नाही. यजमानांना हिशेब मांडून दाखवायचा तर असा मांडा की, स्वस्तात घेतलेली आणि अर्ध्यावर सोडून दिलेली बारा सेशन महाग पडतात. आरोग्यविम्याचंही एकदा बघा. २०१७ च्या कायद्याने शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारासाठीही विमा द्यावा, असं विमा कंपन्यांना सांगितलं आहे, पण दवाखान्यात दाखल न होता घेतलेल्या समुपदेशनाचा खर्च बहुतेक साध्या पॉलिसींत बसत नाही. तुमच्या पॉलिसीत ओपीडीचा लाभ आहे का, ते विचारा.

आणि पैसे नसतील त्या महिन्यातही दार बंद होत नाही. केंद्र सरकारची टेलिमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक, चोवीस तास, मोफत, मराठीतही. टाटा समाजविज्ञान संस्थेचा आयकॉल हा उपक्रम २०१२ पासून फोनवर आणि ईमेलवर समुपदेशन करतो. मिरजेच्या शासकीय रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून तुम्ही तिथे जाणार नाही, हे मी धरून चालते, तरी तो पर्याय आहे हे माहीत असू द्या.

कारण काही वेळा अ‍ॅपवरच्या किंवा कोल्हापूरच्या पुढच्या भेटीपर्यंत थांबून चालत नाही. सलग काही रात्री अजिबात झोप नाही, जेवण तुटलं, काम अशक्य झालं, किंवा जगण्यात अर्थ नाही असा विचार डोकावला, तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांना भेटा, यजमानांना सांगा, रात्रीची वेळ असेल तर १४४१६ ला फोन करा. जीव धोक्यात आहे असं वाटलं तर ११२. घाबरं होण्याच्या झटक्यांवर काही महिने औषध घ्यावं लागलं, तर त्यातही वावगं काही नाही, आणि औषध चालू असताना थेरपी उत्तम चालते. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टर व्हिडिओवरून औषध लिहून देऊ शकतात, पण सगळी औषधं तशी देता येत नाहीत. म्हणून एखाद्या डॉक्टरांची प्रत्यक्ष ओळख असलेली बरी.

घरातल्या जागेचाही विचार आधी करून ठेवा. सासूबाई शेजारच्या खोलीत आणि तुम्ही दबक्या आवाजात बोलताय, अशा सेशनचा उपयोग निम्मा होतो. घरी कुणी नसेल अशी वेळ मागा, इअरफोन वापरा, दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवा. उभ्या केलेल्या गाडीत बसून सेशन घेणाऱ्या बायका मला माहीत आहेत, आणि ते चालतं. शक्य असेल तर महिन्यातून एकदा कोल्हापूरला प्रत्यक्ष जा आणि मधल्या भेटी व्हिडिओवर करा. जाताना-येताना बसमध्ये मिळणारा एकटीचा वेळही तुम्हाला हवाच आहे, असं तुमच्या पत्रावरून वाटतं.

तुमच्या पहिल्या मॅडमना शोधू का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात आलं असेल. शोधा. त्या स्वतंत्रपणे काम करत असतील तर त्यांच्याशी संपर्क साधण्यात गैर काही नाही. काही प्लॅटफॉर्म थेरपिस्टकडून लिहून घेतात की इथले पेशंट बाहेर घेणार नाही. तसं बंधन असेल तर त्या तुम्हाला सांगतील. नाहीच भेटल्या, तर अ‍ॅपकडून तुमच्या पहिल्या दोन सेशनच्या नोंदींची प्रत मागून बघा. नव्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सांगण्याचा त्रास थोडा कमी होईल.

कोल्हापूरच्या बाईंकडे सुरुवात केलीत तर चार-पाच भेटी तरी द्या. पहिल्या एक-दोन भेटींनंतर कधीकधी जास्तच रडू येतं, झोप आणखी विस्कटते. त्याने घाबरू नका, पण ते त्यांना सांगा. पाचव्या भेटीच्या सुमाराला दोघींनी मिळून बघा की, आपण कशासाठी भेटतोय हे दोघींना सारखंच कळलंय का, रात्रीच्या झटक्यांत काही फरक आहे का, बाबांबद्दल बोलणं आता वेगळं होतंय का. फरक नसेल तर उघड बोला, पद्धत बदलता येते. आणि थांबायचंच ठरलं तर मेसेज करून थांबू नका. एक शेवटची भेट घ्या, काय जमलं आणि काय नाही ते सांगा, पुढे कुणाकडे जाऊ हेही त्यांनाच विचारा.